उरलेला कागद: संग्रहाच्या तत्त्वज्ञानावर एक टीका

मागच्या दोन व्याख्यानांत आपण वस्तू आणि उपयोग यांच्या नात्याबद्दल बोललो. आज जरा उलट्या बाजूने जाऊ. ज्या वस्तूचा उपयोग संपलेला आहे, जी खरं तर कचऱ्याच्या डब्यात जायला हवी, ती एखादा माणूस जन्मभर का जपतो? विषयपत्रिकेवर ‘एक टीका’ असं छापलंय. टीका कुणावर, ते छापलेलं नाही. ती दोघांवर आहे. एक ज्याँ बोद्रियार, आणि दुसरा मी. बोद्रियार २००७ साली गेले, त्यामुळे ते उत्तर देणार नाहीत. माझी अडचण अशी की मी इथे हजर आहे.

आधी वस्तू काय ते सांगतो. च्युइंगमचे कागद. हसू नका. म्हणजे हसा, पण पुढचं ऐका.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. दोन वर्षांपूर्वी गेला. मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता, चौतीस वर्षं जहाजावर काढली. त्याच्यामागे फ्लॅट, पेन्शनची कागदपत्रं आणि चौदा अल्बम राहिले. त्या चौदाही अल्बममध्ये च्युइंगमची वेष्टनं आहेत. पहिलं १९५१ सालचं, शेवटचं तो गेला त्याच्या तीनच महिने आधीचं. पहिल्याची हकिगत घरात नेहमी सांगितली जायची. आमचे मामा गोदीत कामाला होते. कुणा खलाशाने त्यांना रिग्लीच्या स्पिअरमिंटची एक पट्टी दिली, ती ते गिरगावात घेऊन आले. चाळीतली पाच पोरं आणि पट्टी एक. आजीने विळीवर तिचे पाच तुकडे केले. दादाचा तुकडा अगदीच चिंधी निघाला, तो रडायला लागला, म्हणून त्याची समजूत काढायला आजीने त्याला कागद दिला. बाकीच्या चौघांचा च्युइंगम संध्याकाळपर्यंत संपला. कागद अजून आहे, मी येताना बरोबर आणलाय. नंतर दाखवतो.

आता बोद्रियार. १९६८ साली फ्रेंचमध्ये त्यांचं वस्तूंच्या व्यवस्थेवरचं पुस्तक आलं. त्यात संग्रहावर एक प्रकरण आहे, आणि संग्रहाबद्दल जगात जे काही विद्यापीठीय लिखाण होतं त्यातलं निम्मं तरी या प्रकरणाच्या खांद्यावर बसलेलं असतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. प्रत्येक वस्तूची दोन कामं असतात. एक वापरलं जाणं, दुसरं मालकीचं असणं. ही दोन्ही एकमेकांच्या उलट चालतात. वापर जितका कमी, मालकी तितकी शुद्ध. वापर शून्य झाला की वस्तू संग्रहात शिरते. तिथे ती एकटी राहत नाही, मालिकेत बसते. मालिकेला नेहमी एक वस्तू कमी असते, आणि ती कमी असलेली वस्तूच सगळ्या मालिकेला जिवंत ठेवते. मालिका पुरी झाली तर संग्राहकाला मरणच, कारण मालिकेतली शेवटची वस्तू म्हणजे तो स्वतः. म्हणजे माणूस जे काही जमवतो, त्यात शेवटी स्वतःलाच जमवत असतो.

हुशार माणूस, यात शंका नाही. त्यांनी वयाचा हिशेबही दिलाय. सात ते बारा वर्षांच्या मुलांत हा नाद जोरात असतो, वयात येताना तो ओसरतो, आणि मग चाळिशीनंतरच्या पुरुषांत पुन्हा उसळतो. त्यांच्या मते संग्राहकात काहीतरी दरिद्री आणि अमानुष असं नेहमी राहतं, कारण त्याला खऱ्या माणसांशी जमत नाही म्हणून तो न बोलणाऱ्या वस्तूंकडे वळतो.

मी हे सत्तरीच्या दशकाच्या शेवटी वाचलं तेव्हा थरारून गेलो होतो. हे तर दादाचं वर्णन! आणि १९८६ साली एका चर्चासत्रात मी निबंध वाचला. वस्तूपूजा, बाजार, संग्राहकाचं बालपण, असा सगळा मसाला त्यात होता. ‘माझ्या परिचयाचे एक संग्राहक’ असं म्हणून मी दादालाच त्यात उभा केला. त्याचं नाव घेतलं नाही, हाच काय तो माझा सभ्यपणा. निबंध छापून आला. एक प्रत मी दादालाही दिली, कारण त्या वयात छापून आलेलं सगळं सगळ्यांना द्यायचं असतं. त्यावर तो काही बोलला नाही. मला वाटलं, वाचलाच नसेल.

त्या निबंधाकडे आपण परत येऊ. आधी बोद्रियारांचं कुठे बरोबर आहे ते सांगायला हवं, नाहीतर ही टीका म्हणजे नुसती भाऊबंदकी होईल. दादाला हाव होती. माझ्या लग्नाच्या दिवशी, १९७७ साली, हा गृहस्थ मंगलाष्टकांच्या तासभर आधी गायब झाला. क्रॉफर्ड मार्केटात कुणाकडे तरी एक जुनं अमेरिकन पाकीट आलंय अशी खबर होती. अक्षता पडायच्या वेळेला धापा टाकत आला, आणि खिशाला हात लावत माझ्याकडे बघून हसला. मिळालं होतं. तेव्हा न मिळालेल्या वस्तूचा झपाटा असतो, हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. आणि वहिनींना तर नव्हतीच. त्या म्हणायच्या, ‘भाऊजी, तुमच्या भावाला परदेशातून येताना बायकोसाठी साडी नाही सुचत, कागद सुचतात.’ दोन खोल्यांच्या घरात चौदा अल्बमना एक अख्खं कपाट गेलं. ते कपाट पावसाळ्यात कोण पुसत होतं? कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला कोण घालत होतं? नवरा आठ-आठ महिने समुद्रावर. बोद्रियार हा प्रश्न विचारत नाहीत. ज्यांच्याकडे आपण आता येणार आहोत ते बेन्यामिनही विचारत नाहीत. संग्रहाच्या तत्त्वज्ञानात धूळच नाही. हा माझा त्या दोघांवरचा पहिला आक्षेप. तो बारीक वाटला तरी मला बारीक वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त तात्त्विक आहे. बोद्रियारांचं सगळं ‘मालिके’वर उभं आहे. पण मालिका ठरवतं कोण? च्युइंगमच्याच दुनियेत दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत होते. एक म्हणजे आतलं चित्र, दुसरं बाहेरचं वेष्टन. अमेरिकेत टॉप्स कंपनीच्या बझूका बबलगममध्ये १९५०च्या दशकापासून डोळ्यावर पट्टी लावलेल्या पोराची छोटी चित्रकथा येत असे. तुर्कस्तानातल्या केंट कंपनीचा टर्बो नावाचा गम होता, त्यात मोटारींची चित्रं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे पूर्व युरोपातली, रशियातली पोरं त्या चित्रांवर अक्षरशः जीव टाकत. चित्रावर नंबर छापलेला. नंबर आला की मालिका आली, मालिका आली की आपल्याकडे सत्तेचाळीस नंबर नाही ही तळमळ आली. आपल्याकडे बिग फन बबलगमवर क्रिकेटचं असंच वेड होतं, धावा जमवा नि बदल्यात बक्षीस न्या. इथे बोद्रियार शंभर टक्के बरोबर आहेत. पण इथली तळमळ कारखान्यात तयार झालेली आहे, गमसारखीच. अपुरी मालिका हाच तिथे विकायचा माल आहे.

वेष्टनावर नंबर नसतो. ते कुणी जमवावं म्हणून छापलेलंच नसतं, फेकून द्यावं म्हणून छापलेलं असतं. तुमच्या मालिकेत काय बसवायचं हे कंपनी सांगत नाही, तुम्हालाच ठरवावं लागतं. छपाई बदलली तर ते नवं वेष्टन की जुनंच? देश बदलला, लिपी बदलली तर? पाच पट्ट्यांच्या पाकिटाचा आणि सात पट्ट्यांच्या पाकिटाचा कागद वेगळा धरायचा का? बाहेरची कागदी पट्टी आणि आतला चंदेरी कागद मिळून एक, की दोन? दादाने या प्रश्नांवर वह्या भरल्यात. मी न्यायशास्त्र शिकवत असताना जाती आणि व्यक्ती यांचा भेद विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायला घटांची उदाहरणं देऊन थकायचो, आणि घरात माझा भाऊ त्याच प्रश्नावर रात्री चमच्याच्या पाठीने चंदेरी कागद सपाट करत बसलेला असायचा. लाखो प्रती एकसारख्या छापल्या जातात, त्यातली एक अल्बममध्ये गेली. मग संग्रहात काय आहे, ती व्यक्ती की ती जाती? टपालतिकिटं जमवणारा म्हणेल, जाती. फाटकं तिकीट काढून त्याच जातीचं कोरं तिकीट लावलं की संग्रह सुधारला. दादाने असं कधी केलं नाही. पहिल्या पानावरचा तो आजीच्या हातचा कागद कोपऱ्यात फाटलेला आहे. त्याच छापाचे चांगले कागद त्याला पुढे मिळाले, ते त्याने दुसरीकडे लावले. म्हणजे मांडणी जातीची, पण एखादं पान व्यक्तीचं. बोद्रियारांच्या मालिकेत या दुसऱ्या प्रकाराला जागा नाही. तिथे वस्तूची किंमत मालिकेतल्या तिच्या स्थानावरून ठरते, ती कुणाच्या हातून आली यावरून नाही.

इथे थोडं विषयांतर करतो. व्हर्जिनिया बीच या अमेरिकेतल्या गावचे एक गृहस्थ १९६५ पासून गमच्या वेष्टनांच्या घड्या घालून, एकात एक अडकवून साखळी करताहेत. गिनेसच्या पुस्तकात त्यांचा विक्रम आहे, लाखो कागद त्या साखळीत गेलेत. जन्मभराचा छंद, वस्तूही तीच. पण मला तो संग्रह वाटत नाही. त्या साखळीत एक कागद दुसऱ्यापासून वेगळा राहत नाही, उरते ती लांबी. ते गोधडीसारखं आहे, किंवा नामजपाच्या वह्यांसारखं. त्याबद्दल मला आदरच आहे, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

बरं, वेष्टन म्हणजे तरी काय? कांटने १७९० च्या आपल्या तिसऱ्या मीमांसेत एक शब्द वापरलाय, पारेर्गॉन. मुख्य कृतीला बाहेरून जोडलेलं, तिचा भाग नसलेलं. चित्राची चौकट, पुतळ्याच्या अंगावरचं वस्त्र, प्रासादाभोवतीचे खांब. पुढे १९७८ मध्ये देरिदांनी कांटला नेमकं इथेच पकडलं. त्यांचा रोख असा होता की बाहेरचं म्हणून जे बाजूला सारता, त्याच्यावाचून आतल्याला ‘आत’ असणंच जमत नाही. मला वर्गात हे शिकवताना नेहमी कोपऱ्यातून आवाज यायचा, ‘सर, उदाहरण द्या.’ आता देतो. च्युइंगम ही अशी कृती आहे की जिचा आस्वाद दहा मिनिटांत संपतो आणि मग ती थुंकायची असते. गिळता येत नाही, ठेवता येत नाही. उरतो तो पारेर्गॉन. एके काळी हा गम चिकल नावाच्या चिकापासून करत, आणि तो चीक म्हणजे आपल्या घोलवड-डहाणूकडे ज्या झाडाच्या बागा आहेत त्या चिकूच्याच झाडाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम गम आला, झाड सुटलं, आतलं सगळं बदललं. बाहेरची स्पिअरमिंटची बाणाची खूण तेवढी ओळखीची राहिली. मग सांगा, कृती कुठली आणि चौकट कुठली?

कंपनीला हे तत्त्वज्ञांच्या आधी कळलं होतं. दुसऱ्या महायुद्धात चांगला कच्चा माल अपुरा पडू लागला, तेव्हा रिग्ली कंपनीने स्पिअरमिंट, डबलमिंट आणि ज्यूसी फ्रूट नागरी बाजारातून काढून सैन्याकडे वळवले, आणि लोकांसाठी ऑर्बिट नावाचा दुय्यम माल काढला. पण लोक मूळ नावं विसरले तर? म्हणून त्यांनी जाहिरात केली. जाहिरातीत गम नाही, नुसतं रिकामं वेष्टन. हे वेष्टन लक्षात ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. जो माल दुकानात नाही त्याच्या रिकाम्या कागदाची जाहिरात! बाजारालासुद्धा आठवणीसाठी शेवटी कागदच धरावा लागला. दादाकडे त्या जाहिरातीचं मासिकातून कापलेलं पान आहे. त्याखाली त्याने पेन्सिलीने लिहिलंय, ‘हे काम मी फुकट करतो.’

आणखी एक. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये जगातला पहिला बारकोड दुकानाच्या गल्ल्यावर वाचला गेला. तो होता ज्यूसी फ्रूटच्या दहा पाकिटांच्या पुडक्यावर, किंमत सदुसष्ट सेंट. त्यानंतर हळूहळू सगळ्याच वेष्टनांवर काळ्या रेघांचा तो पट्टा आला. दादाच्या अल्बममध्ये हे डोळ्यांनी दिसतं. सातव्या अल्बमपर्यंत कागद फक्त माणसाशी बोलतो, आठव्यापासून यंत्राशीही बोलायला लागतो. हे मी माझ्या १९८६ च्या निबंधात लिहायला हवं होतं. पण मी अल्बम उघडले होते कुठे? बोद्रियार उघडला होता.

आता बेन्यामिन. वाल्टर बेन्यामिनने १९३१ साली आपल्या पुस्तकांची खोकी उघडताना एक निबंध लिहिला. तो बोद्रियारपेक्षा कितीतरी मायाळू आहे, कारण तो स्वतः संग्राहक होता. संग्राहक वस्तूला उपयोगाच्या वेठबिगारीतून सोडवतो, ही त्याची कल्पना मला आजही सुंदर वाटते. पण त्याच निबंधात तो म्हणतो की मालक गेला की संग्रहाचा अर्थही जातो. सार्वजनिक संग्रह समाजाला जास्त उपयोगी असेल, पण वस्तूंना न्याय मिळतो तो खासगी संग्रहातच. हे खरं का?

आपल्या पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, १९२०च्या सुमारापासून अडकित्ते, दिवे, फण्या, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी गोळा केली, आणि गेलेल्या लहान मुलाचं नाव त्या सगळ्याला दिलं. १९६२ मध्ये संग्रह सरकारच्या हवाली केला. मालक गेला, अर्थ गेला का? उलट अर्थ वाढला असं मी म्हणेन. पण माझ्या या उदाहरणात एक फट आहे, ती तुम्ही दाखवायच्या आत मीच दाखवतो. केळकरांचा अडकित्ता कुणा कारागिराने हाताने घडवलाय, त्याच्यासारखा दुसरा नाही. तो आपल्या पायावर उभा राहतो. यंत्रावर छापलेला कागद तसा उभा राहत नाही. ते अल्बम स्वीकाराल का म्हणून मी एका संस्थेकडे गेलो. त्यांनी सौजन्याने फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, ‘वस्तूचे अंदाजे मूल्य’. मी शून्य लिहिलं. ‘शून्य असेल तर आमच्या पद्धतीत नोंद होत नाही,’ असं त्यांनी सांगितलं. मला त्यांचा राग आला नाही, पद्धत म्हणजे पद्धत. पण घरी येताना रिक्षात मला बेन्यामिन आठवला, आणि वाटलं, जिंकला बुवा हा.

नाही जिंकला. का, ते सांगतो, आणि हाच आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

दादाच्या प्रत्येक कागदाखाली टीप आहे. बंदर, तारीख, आणि कुणी दिला. किंमत कुठेही नाही. ‘रॉटरडॅम, क्रेनवाल्याने दिला.’ ‘कोलंबो, रस्त्यात सापडला, पाऊस.’ ‘सिंगापूर, चीफ कुकची मुलगी.’ सिंगापूरच्या टिपा १९९२ च्या सुमाराला थांबतात, कारण तिथे च्युइंगमवर बंदीच आली. मी चौदाही अल्बम गेल्या पावसाळ्यात ओळीने वाचले. माणूस स्वतःला जमवतो म्हणे. या अल्बममध्ये दादा जवळजवळ नाहीच. ‘मी’ हा शब्द मला तीन वेळा सापडला. बाकी सगळी दुसरी माणसं.

आणि पाचव्या अल्बममध्ये एक पान आहे. डाव्या बाजूला तीन कागद, उजवीकडे फोटोचे चार कोपरे चिकटवलेले, आत काही नाही. रिकामा आयत. खाली लिहिलंय, ‘डबलमिंट. ओडेसा, १९७३. दिला.’

हे पान मी वहिनींपुढे ठेवलं. त्यांना गोष्ट माहीत होती, मला नव्हती. मुंबई आणि ओडेसा यांच्यामध्ये तेव्हा जहाजांची नेहमीची ये-जा असे. सोव्हिएत संघात च्युइंगम मिळत नसे, म्हणून बंदरातली पोरं परदेशी खलाशांभोवती जमत आणि छातीवरचे बिल्ले काढून देत, बदल्यात गम मागत. एका पोराने दादाला लाल ताऱ्याचा बिल्ला दिला, मधे लहानपणच्या लेनिनचं चित्र असलेला. दादाने डबलमिंटची पट्टी दिली, आणि खुणेनं सांगितलं, गम तुझा, कागद मला परत दे. पोरगा दचकला. त्याने कागद नाकाशी नेला, नीट घडी केली, खिशात घातला आणि मान हलवली. नाही. गम हवा तर घे, कागद नाही देणार. वहिनी म्हणाल्या, ‘हे सांगताना तुमचे दादा इतके हसायचे! म्हणायचे, अगं, मला वाटत होतं जगात मी एकटाच आहे.’ मग दादाने बिल्लाही परत केला. आपल्याच जातीच्या माणसाकडून काय घ्यायचं, म्हणाला.

यानंतर दोनच वर्षांनी, १० मार्च १९७५ रोजी, मॉस्कोच्या सोकोलनिकी क्रीडागृहात कॅनडाच्या एका कनिष्ठ आइस हॉकी संघाशी सामना झाला. सामना संपल्यावर पाहुण्या खेळाडूंकडून च्युइंगम मिळेल म्हणून मुलं एका दरवाजाकडे धावली, जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २१ जण मेले. त्यातली निम्म्याहून अधिक सोळा वर्षांच्या आतली होती. तिथल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा चकार शब्द छापला नाही. दादाला हे कित्येक वर्षांनी कळलं. रिकाम्या आयताखाली दुसऱ्या शाईत एवढंच आहे, ‘सोकोलनिकी, १९७५. तो ओडेसाचा होता, मॉस्कोचा नव्हे.’ स्वतःची समजूत घालणारं वाक्य आहे ते.

आता तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलू. बोद्रियार म्हणतात, मालिकेतली रिकामी जागा म्हणजे न शमणारी इच्छा. इथे रिकामी जागा आहे, पण इच्छा नाही. डबलमिंटचा तोच छाप दादाला पुढच्याच बंदरात मिळाला असता. पुढच्या पानावर १९७४ चा आहेच. त्याने तो त्या आयतात लावला नाही. म्हणजे ही जागा अपुरी नाही, भरलेली आहे, न ठेवलेल्या कागदाने. जो सिद्धांत सगळ्या रिकाम्या जागांना एकाच नावाने हाक मारतो, त्याला हे पान वाचता येत नाही. आणि बेन्यामिनचं म्हणणं, की मालकी हे वस्तूशी सर्वांत जवळचं नातं, तेही इथे अडखळतं. या चौदा अल्बममधलं सर्वांत जवळचं नातं अशा कागदाशी आहे, जो दादाच्या मालकीचा नाही. कदाचित तो आजही ओडेसात कुणा साठीतल्या गृहस्थाच्या खोक्यात असेल. असला तर तिथे सध्या युद्ध आहे.

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची यादी दिली नाही. परिग्रह म्हणजे मूर्च्छा, असं त्यांनी म्हटलं. किती जमवलं ते महत्त्वाचं नाही, जमवताना तुम्ही शुद्धीवर आहात की नाही, हा प्रश्न. मी वर्षानुवर्षं हे सूत्र शिकवलं आणि अपरिग्रहाच्या बाजूने ठणकावून बोललो. माझ्या घरी चार हजार पुस्तकं आहेत. पुस्तक कुणी मागितलं की मला आजही पोटात दुखतं. क्रॉफर्ड मार्केटात धावणारा दादा त्या दिवशी मूर्च्छेत होता, मान्य. ओडेसाच्या धक्क्यावर नव्हता. एकाच माणसात, एकाच छंदात या दोन्ही गोष्टी होत्या. त्यातली कुठली कधी होईल हे छंदाच्या व्याख्येवरून काढता येत नाही, पान उघडूनच बघावं लागतं. माझी बोद्रियारांवरची टीका एका वाक्यात विचाराल तर ती ही, की त्यांनी संग्राहकांबद्दल लिहिलं, पण एकाही संग्रहाचं एकही पान उघडून दाखवलं नाही.

राहता राहिला माझा निबंध. चौदाव्या अल्बममध्ये, शेवटून दुसऱ्या पानावर, फोटोचे चार कोपरे लावून त्याने माझ्या निबंधाची ती छापील प्रत ठेवलीय. घडी घालून, चंदेरी कागदाच्या शेजारी. मी ती उघडली तेव्हा माझे हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. वाटलं, समासात काही तरी असणार. उत्तर असेल, शिवी असेल. अख्ख्या निबंधात पेन्सिलीची एकच खूण आहे. मी ज्यूसी फ्रूट १८९८ मध्ये बाजारात आला असं लिहिलं होतं. दादाने आकडा खोडून वर १८९३ केलंय. बरोबर आहे, १८९३. खाली नेहमीसारखी टीप, ‘मुंबई, १९८६. धाकट्याने दिला.’

अल्बम सध्या माझ्याकडे आहेत. वहिनींची ताकीद आहे की डांबराच्या गोळ्या घालायच्या नाहीत, कारण जुन्या कागदांना अजून पुदिन्याचा वास येतो आणि तो जाईल. मला येत नाही, त्यांना येतो. कागदाला चिकटलेला जुना मेणाचा थर चंदेरी वर्ख न फाटता कसा सोडवायचा हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर थांबून मला सांगा. वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, पहिला कागद त्यांच्या पर्समध्ये आहे. हात धुतलेले असतील तर त्या दाखवतील. प्रश्न विचारायचे असतील तर अल्बमबद्दलचे त्यांना विचारा, बोद्रियारबद्दलचे मला.